खोलीत आणखी कोण आहे?

ओनोरा जेंकिन्सबाईंना दम्याचा विकार होता. मृत्युपत्रावर सही करायला त्या वकिलाच्या कचेरीत गेल्या, पण आतला उकाडा त्यांना सोसेना. त्या बाहेर उभ्या असलेल्या आपल्या घोडागाडीत जाऊन बसल्या आणि तिथेच त्यांनी सही केली. साक्षीदारांनी ती पाहिली, कागद घेतला आणि आपल्या सह्या करायला ते परत कचेरीत शिरले. घोटाळा इथे झाला. इंग्लंडच्या त्या वेळच्या कायद्याप्रमाणे साक्षीदारांनीही मृत्युपत्र करणाऱ्याच्या समक्षच सही करायला हवी होती, आणि बाई तर बाहेर रस्त्यावर. पुढे वाद कोर्टात गेला तेव्हा गाडीत असलेल्या एका व्यक्तीने शपथेवर सांगितलं, की मधल्या वेळात गाडी मागे घेतली गेली आणि ती बरोबर कचेरीच्या खिडकीसमोर आली. बाईंना खिडकीतून आतलं दिसू शकत होतं. १७८१ मध्ये लॉर्ड चॅन्सेलर थर्लो यांनी ते मृत्युपत्र खरं धरलं. बाईंनी खरोखर आत पाहिलं का, हे कुणी सिद्ध केलं नाही. पाहायचं म्हटलं असतं तर दिसलं असतं, एवढ्यावर भागलं.

'कॅसन विरुद्ध डेड' या नावाने ओळखला जाणारा हा निकाल म्हणजे इंग्रज वकिलांचा एक जुना किस्सा. २०२० साली तो एकाएकी कामाचा झाला. करोनाच्या टाळेबंदीत माणसं घरात आणि साक्षीदार अंगणात, असा प्रकार सुरू झाला. खिडकीच्या काचेतून, मोटारीच्या उघड्या दारातून, बोळातून सह्या पाहिल्या जाऊ लागल्या, आणि सरकारी सल्ल्यातही हे सगळं चालेल असं सांगितलं गेलं. ज्यांना खिडकीपर्यंतही पोचता येत नव्हतं त्यांच्यासाठी त्या वर्षीच्या सप्टेंबरात इंग्लंड आणि वेल्समध्ये १८३७ च्या मृत्युपत्र कायद्यात तात्पुरती दुरुस्ती झाली. 'समक्ष' म्हणजे व्हिडिओवरून समक्ष असलं तरी चालेल, असं त्या दुरुस्तीने ठरवलं. ती ३१ जानेवारी २०२० पासून मागे जाऊन लागू केली गेली आणि ३१ जानेवारी २०२४ ला संपली.

त्या चार वर्षांतली रीत मोठी विलक्षण होती. मृत्युपत्र करणाऱ्याने कॅमेऱ्यासमोर कागद धरायचा आणि दोन्ही साक्षीदारांना दिसेल अशी सही करायची. मग तो कागद टपालाने किंवा कुणाच्या हाती साक्षीदारांकडे पाठवायचा. तो पोचला की सगळ्यांनी पुन्हा व्हिडिओवर यायचं, आणि आता साक्षीदार सही करत असताना मृत्युपत्र करणाऱ्याने पाहायचं. संगणकावरची सही चालणार नव्हती. कागद आणि शाई कायम होती. दोन कॉलच्या मधे माणूस गेला तर मृत्युपत्र अपुरं राहणार, हेही सरकारने स्पष्ट लिहून ठेवलं होतं. एखाद्याची अंतिम इच्छा टपालाच्या थैलीत असताना तो वारला, तर कायद्याच्या नजरेत त्याने काहीच म्हटलेलं नव्हतं.

इलेक्ट्रॉनिक मृत्युपत्राची चर्चा निघाली की दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले जातात. मृत्युपत्र कशावर लिहिलं, हा एक प्रश्न. ते होत असताना जवळ कोण होतं, हा दुसरा. इंग्लंडने पहिल्याला हात लावला नाही आणि दुसरा सैल केला. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात २०१३ मध्ये याच्या अगदी उलट घडलं. आदल्या डिसेंबरात तिथल्या एका रुग्णाला रक्त चढवल्याशिवाय गत्यंतर नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याच्या श्रद्धेत ते बसत नव्हतं, त्याने नकार दिला. मरण समोर दिसत असताना त्याने भावांना बोलावलं. कागद-पेन हाताशी नव्हतं, म्हणून एका भावाने टॅबलेटवर लिहून घेतलं, रुग्णाने त्याच पडद्यावर लेखणी फिरवून सही केली आणि जवळच्यांनी साक्ष घातली. लोरेन काउंटीच्या न्यायाधीशांनी हे मृत्युपत्र मान्य केलं. लेखी हवं असं कायदा म्हणतो. ते कागदावरच हवं असं कुठे म्हणतो, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

या दोन प्रसंगांपैकी धर्माच्या किंवा तत्त्वज्ञानाच्या अंगाने अवघड प्रसंग इंग्लंडचा आहे. काच असो, ताडपत्र असो की ताम्रपट, लिहिण्याचं साधन बदलत आलंच आहे. कॅनडात सस्कॅचेवन प्रांतातला एक शेतकरी १९४८ मध्ये आपल्याच ट्रॅक्टरखाली अडकला आणि त्याने खिशातल्या चाकूने ट्रॅक्टरच्या पत्र्यावर दोन ओळी कोरून सगळं बायकोच्या नावे केलं. तो पत्रा मृत्युपत्र म्हणून मान्य झाला आणि आज तिथल्या विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात ठेवलेला आहे. तिथे साक्षीदार नव्हतेच, पण त्या कायद्यात माणसाच्या स्वतःच्या हस्ताक्षराने साक्षीदारांची जागा भरून निघत होती. टंकलिखित मजकुरात हात ओळखू येत नाही. म्हणून अक्षर गेलं की साक्षीदाराचं वजन वाढतं, आणि नेमकं त्याच वेळी साक्षीदाराला खोलीबाहेर काढायची भाषा सुरू झाली आहे.

तेव्हा प्रश्न असा उरतो, की साक्षीदाराकडून आपल्याला हवं तरी काय असतं? त्याचे डोळे पुरेत का?

भारतीय कायद्याचं आजचं उत्तर कडक आहे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या ६३ व्या कलमानुसार मृत्युपत्र करणाऱ्याने सही किंवा खूण करावी लागते. किमान दोन साक्षीदारांनी त्याला सही करताना पाहिलेलं असावं, किंवा ही सही आपलीच असं त्याच्या तोंडून ऐकलेलं असावं, आणि प्रत्येकाने त्याच्या समक्ष सही करावी. दोघांनी एकाच वेळी हजर असण्याची सक्ती मात्र नाही. बाकी सगळी मोकळीक आहे: साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही, नोंदणी ऐच्छिक. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक सहीला मान्यता दिली तेव्हा काही दस्त त्यातून वगळले गेले, आणि मृत्युपत्र त्यांत होतं. २०२२ मध्ये केंद्र सरकारने ती यादी आखडली. स्थावराच्या विक्रीचा करार यादीतून बाहेर पडला. मृत्युपत्र जागचं हललं नाही.

गंमत अशी की 'समक्ष' या गोष्टीबद्दल आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये बरीच उदार भूमिका घेतली होती, आणि ते प्रकरण मुंबईचं होतं. वैद्यकीय निष्काळजीपणाच्या एका फौजदारी खटल्यात अमेरिकेतल्या डॉक्टरांची साक्ष हवी होती आणि ते भारतात यायला तयार नव्हते. आरोपीच्या समक्ष पुरावा नोंदवावा, असं तेव्हाची फौजदारी प्रक्रिया संहिता सांगत होती. व्हिडिओ कॉन्फरन्सवरून घेतलेली साक्ष समक्ष म्हणायची का? न्यायालयाने होकार दिला. पडद्यावर माणूस दिसतो, ऐकू येतो, त्याचे हावभाव टिपता येतात. स्पर्श तेवढा करता येत नाही. गर्दीच्या कोर्टात आरोपीच्या पिंजऱ्यातून जितकं दिसतं त्यापेक्षा कदाचित पडद्यावरच चांगलं दिसेल, असाही मुद्दा निकालात आहे.

फौजदारी खटल्यात हे पटतं, कारण तिथे पडद्यापलीकडच्या माणसाला प्रश्न विचारता येतात. उलटतपासणीत तो अडखळला तर अख्खं कोर्ट पाहतं. मृत्युपत्राच्या बाबतीत, ज्याला विचारायचं तोच गेलेला असतो. १९५९ मध्ये एच. वेंकटाचल अय्यंगार यांच्या गाजलेल्या खटल्यात न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी याच गोष्टीवर बोट ठेवलं. मृत्युपत्र बोलू लागतं ते करणाऱ्याच्या मरणानंतर, आणि हे माझंच का हे सांगायला तो उरलेला नसतो. म्हणून मृत्युपत्राभोवती संशयाची जागा असेल तर ती दूर करण्याचा भार ते पुढे करणाऱ्यावर पडतो, असं त्यांनी मांडलं. साताऱ्याचे गजेंद्रगडकर संस्कृत पंडितांच्या घराण्यातले होते. त्यांचा हा युक्तिवाद कायद्याचाच आहे, तरी त्याच्या तळाशी जुना प्रश्न आहे: अनुपस्थित माणसाच्या वतीने बोलण्याचा अधिकार कुणाला?

आपल्या परंपरेत आज ज्याला मृत्युपत्र म्हणतात ती वस्तू मुळात नव्हती. मिताक्षरा या धर्मशास्त्रग्रंथाच्या चौकटीत वडिलोपार्जित मिळकतीवर मुलाचा हक्क जन्मानेच येत असे. मग मरताना वाटायचं काय? तरी मरणाऱ्याच्या शब्दाला मोल होतं. धर्मकार्यासाठी कबूल केलेलं दान न देताच माणूस मेला तर ते मुलाकडून देववावं, असं स्मृतिकार कात्यायन सांगतो. साक्षीदाराचा विचार तर स्मृतिकारांनी अतिशय बारकाईने केला. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात साक्षीला कोण चालत नाही याची यादी आहे, आणि तिची सुरुवात होते व्यवहारात ज्याचा स्वार्थ गुंतला आहे अशा माणसापासून. मग मित्र, साहाय्यक, वैरी, पूर्वी खोटं ठरलेला. त्याच अध्यायात साक्षीदाराला बजावलं आहे, की आपल्याला कुणी पाहत नाही असं पापी माणसाला वाटतं, पण त्याच्या आतला पुरुष पाहत असतो. आकाश, पृथ्वी, जल, सूर्य, चंद्र, अग्नी, यम, वारा, रात्र आणि दोन्ही संध्या पाहत असतात.

म्हणजे ज्याने पाहिलं त्याच्यावरही नजर आहे. कोकणात आणि देशावर सापडणाऱ्या गद्धेगाळांवर हेच दगडात कोरलेलं दिसतं. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा लेख, खाली दान मोडणाऱ्याला दिलेली ओंगळ शिवी, चित्रासकट. अलिबागजवळच्या अक्षीचा शिलालेख त्यातला प्रसिद्ध. जमीन दिली तेव्हा हजर असलेली माणसं दोन पिढ्यांत जाणार हे देणाऱ्याला ठाऊक होतं, म्हणून न मरणारे साक्षीदार वर बसवले. मराठेशाहीत गोतसभेचा निवाडा लिहिला जाई त्या महजरावर अक्षरशत्रू माणसंही आपली निशाणी करत: पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू, महाराची दोरी. सही येत नसली तरी गाव ज्या कामाने त्याला ओळखे ते काम त्याने कागदावर तारण ठेवलेलं असे. अमेरिकेत नेवाडा राज्याने २००१ मध्ये इलेक्ट्रॉनिक मृत्युपत्राचा पहिला कायदा केला, त्यात बोटाचा ठसा, दृष्टिपटल, आवाज, चेहरा अशा खुणांची अट होती. वाचताना महजराची आठवण होते खरी, पण दोन्हींत फरक आहे. दृष्टिपटल 'हा तोच माणूस' एवढंच सांगतं. नांगर सांगतो, की हे खोटं निघालं तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

साक्ष देणं अंगाशी येऊ शकतं, याचं महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं उदाहरण एका मृत्युपत्रातूनच निघालं. पुण्याचे सरदार बाबा महाराज ७ ऑगस्ट १८९७ ला कॉलऱ्याने वारले. त्याच दिवशी त्यांनी मृत्युपत्र केलं आणि मिळकतीची व्यवस्था पाहणाऱ्यांत लोकमान्य टिळकांचं नाव घातलं. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या खटल्यात जामिनावर सुटून नुकतेच बाहेर आले होते. वंश चालण्यासाठी वेळ पडली तर दत्तक घ्यावा, अशी तजवीज त्या कागदात होती. १९०१ च्या जूनमध्ये औरंगाबादेत जगन्नाथ नावाच्या मुलाचं दत्तविधान झालं. पुढे बाबा महाराजांच्या विधवा ताई महाराज यांनी ते नाकारलं आणि कोल्हापुरात दुसरा दत्तक घेतला. वाद पेटला तो कागदातल्या वाक्यावरून नव्हे. औरंगाबादेत त्या दिवशी काय घडलं, मुलगा मांडीवर बसवला की नाही, यावरून. टिळकांनी हो म्हणून साक्ष दिली. त्याबद्दल खोटी साक्ष दिल्याचा आरोप त्यांच्यावर आला, खालच्या कोर्टात शिक्षा झाली, हायकोर्टाने ती १९०४ मध्ये रद्द केली. जगन्नाथाचं दत्तविधान अखेर १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने कायम केलं. अठरा वर्षं एका मरत्या मित्राचा शब्द सांभाळण्यात गेली.

औरंगाबादेत त्या दिवशी कॅमेरा असता तर? दत्तकाचा वाद कदाचित आठवड्यात मिटला असता, टिळकांची बेअब्रू टळली असती. हा मुद्दा फेटाळण्यासारखा नाही. माणसाची आठवण विरते, साक्षीदार फितूर होतो, मरतो, परगावी जातो. चित्रीकरण तसंच राहतं. दूरस्थ साक्षीच्या समर्थकांचा हा सर्वांत भक्कम दावा आहे आणि तो बऱ्याच अंशी बरोबर आहे. कोपऱ्यातल्या किराणा दुकानदाराला बोलावून 'इथे सही करा' म्हणत घेतलेल्या साक्षीपेक्षा नीट केलेलं चित्रीकरण कितीतरी अधिक सांगतं. प्रत्यक्ष हजेरीच्या नावाखाली आपल्याकडे जे चालतं त्याचा फार अभिमान बाळगावा अशी परिस्थिती नाही. दोन साक्षीदारांपैकी एकाला तरी मजकुराचा पत्ता नसतो. कायद्यालाही त्याला मजकूर ठाऊक असावा असं वाटत नाही. सही पाहिली की झालं.

पण कॅमेऱ्याला फक्त समोरचं दिसतं.

ऐंशी वर्षांच्या आजोबांच्या हातात फोन कोण देतो? व्हिडिओ कॉल कोण लावून देतो, चष्मा कोण पुसून देतो, 'बाबा, इकडे बघा' कोण म्हणतं? बहुतेक घरांत हे करणारी व्यक्ती वारसांपैकीच असते. मनूने ज्याला साक्षीतून सर्वांत आधी बाद केलं, तो स्वार्थ गुंतलेला माणूस या नव्या व्यवस्थेत चित्रात नसतो, कारण चित्र घेणारा तोच असतो. इंग्लंडच्या १८३७ च्या कायद्यात साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत असेल तर ते मिळणं रद्द होतं. कॅमेरा धरणाऱ्याबद्दल त्या जुन्या कायद्यात अवाक्षर असणं शक्यच नव्हतं.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याला हा धोका बरोबर कळला. निवृत्त वृद्धांचं राज्य असल्याने कळणं भागच होतं. तिथल्या दूरस्थ साक्षीच्या कायद्यात मृत्युपत्र करणाऱ्याला ठरावीक प्रश्न विचारायला सांगितलं आहे. हा व्हिडिओ कॉल लावायला तुम्हाला कुणी मदत केली? दस्त तयार करायला कुणी मदत केली? तुम्ही आत्ता कुठे आहात? खोलीत तुमच्याजवळ आणखी कोण आहे? शिवाय रोजच्या व्यवहारासाठी दुसऱ्यावर अवलंबून असलेल्या, सहज दबावाखाली येऊ शकणाऱ्या माणसाच्या बाबतीत दूरस्थ साक्ष चालतच नाही. प्रश्न नेमके आहेत, कायद्याच्या भाषेत क्वचित आढळेल इतके माणसाच्या जवळचे. तरीही त्यांचं उत्तर, ज्याच्याविषयी प्रश्न आहे त्याच्या कानावर पडत असतं. मुलगा पलंगाच्या पायथ्याशी उभा असताना 'मुलगा उभा आहे आणि मला त्याची भीती वाटते' असं किती वडील म्हणतील? प्रत्यक्ष आलेला साक्षीदार निदान 'जरा बाहेर थांबा हो' असं म्हणू शकतो. दार लावून घेऊ शकतो. पडद्यावरच्या माणसाला दार लावता येत नाही.

साक्षीदाराचं मोल डोळ्यांपेक्षा या दोन गोष्टींत असावं. तो मरणाऱ्याला थोडा वेळ का होईना एकटं करतो, म्हणजे मोकळं करतो. आणि जे पाहिलं त्याची जबाबदारी तो स्वतःच्या शिरावर घेतो. धर्मपरंपरांनी दूर बसून काय चालेल आणि काय चालणार नाही याच्या रेषा ओढल्या, त्याही साधारण याच दोन गोष्टींच्या आसपास पडलेल्या दिसतात. जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९९० मध्ये दूरध्वनी, टेलेक्स अशा साधनांवरून झालेले करार ग्राह्य ठरवले. निकाह मात्र त्यातून वगळला, कारण त्याला साक्षीदारांची अट आहे. रोमन कॅथलिक चर्चने पोपचा आशीर्वाद दूरचित्रवाणीवरून पोचतो असं मानलं, पण इंटरनेटवर संस्कार होऊ शकत नाहीत असं २००२ मध्ये स्पष्ट केलं. आशीर्वाद घेणाऱ्याला काही द्यावं लागत नाही. पापाची कबुली देणाऱ्याला द्यावं लागतं, आणि ऐकणाऱ्याला ते पेलावं लागतं.

प्रवासात मरण आलं तर काय, याचा विचार कुराणाच्या पाचव्या सूरेत आहे. मृत्युपत्राच्या वेळी दोन न्यायी माणसं साक्षीला असावीत. वाटेत आपली माणसं नसतील तर परक्यांपैकी दोघं चालतील. पण संशय आला तर त्यांना नमाजानंतर थांबवून घ्यावं आणि शपथ घ्यायला लावावी. ते खोटे निघाले तर ज्यांचा हक्क बुडाला त्यांच्यापैकी दोघांनी त्यांच्या जागी उभं राहावं. अडचणीत अट सैल होते, आणि सैल झालेल्या अटीच्या शेजारीच दुरुस्तीची सोय लावलेली आहे.

हिंदू कर्मकांडाला तर प्रतिनिधीचं वावडं कधीच नव्हतं. श्राद्धाला ब्राह्मण मिळाला नाही तर दर्भाचा चट मांडून चटश्राद्ध होतं. परदेशी गेलेल्याचा देह सापडला नाही तर पळसाच्या पानांचे तीनशे साठ देठ अवयवागणिक मांडून पुतळा करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा, हा पालाशविधी. अनुपस्थितीवर इतका तपशीलवार विचार केलेली परंपरा व्हिडिओ कॉलने दचकेल असं वाटत नाही. पण शास्त्रकार तिथे थांबले नाहीत. ज्याचा पुतळा जाळला तो माणूस एक दिवस जिवंत परत आला तर? त्याला तुपात न्हाऊ घालायचं, जातकर्मापासून सगळे संस्कार पुन्हा करायचे, स्वतःच्याच बायकोशी नव्याने लग्न लावायचं. पर्याय चुकू शकतो, हे पर्याय देतानाच मान्य केलेलं होतं.

नव्या कायद्यांची पारख याच कसोटीवर व्हायला हवी. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १ डिसेंबर २०२१ पासून इलेक्ट्रॉनिक मृत्युपत्र आणि दूरस्थ साक्ष दोन्ही चालतात. कागद फाडला की मृत्युपत्र रद्द होतं हे जुनं तत्त्व. फाइल पुसली गेली तर? तिथला कायदा सांगतो, की चुकून पुसली गेली तर तेवढ्यावरून रद्द करण्याचा इरादा होता असं मानायचं नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये एक नमुना कायदा तयार झाला आणि पुढच्याच वर्षी युटा राज्याने तो सर्वांत आधी स्वीकारला. इंग्लंडच्या विधी आयोगाने मे २०२५ च्या अहवालात इलेक्ट्रॉनिक मृत्युपत्राला मान्यता द्यावी असं सुचवलं, पण विश्वासार्ह यंत्रणेची अट घालून: सही कुणाची ते कळावं, मूळ प्रत कुठली ते ओळखता यावं, मागाहून फेरफार होऊ नये. अट रास्त आहे. तिच्यात यंत्राची विश्वासार्हता पाहिली आहे. फोन धरलेल्या हाताची कोण पाहणार, हा प्रश्न तिने सुटत नाही.

कडक अटींच्या विरुद्ध बाजूला एक अगदी वेगळी करुणा उभी आहे. यहुदी धर्मशास्त्रात मरणासन्न माणसाचा नुसता शब्द लिहून, हवाली करून झालेल्या दस्ताइतका धरला जातो. नेहमीच्या व्यवहारातले उपचार त्याच्यासाठी माफ. कारण दिलं आहे ते असं, की आपलं म्हणणं पार पडेल की नाही या घोराने त्याचं चित्त बिघडू नये. तो बरा झाला तर सगळं वाटून टाकलेलं दान परत फिरतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या न्यायालयाने २०१७ मध्ये याहून पुढचं पाऊल टाकलं. मरण पावलेल्या एका माणसाच्या फोनमध्ये लिहून ठेवलेला, पण न पाठवलेला संदेश सापडला. पैसे कुठे आहेत, घर कुणाला, राख कुठे ठेवायची, हे सगळं त्यात होतं, आणि हे माझं मृत्युपत्र असंही. सही नाही, साक्षीदार नाही. पत्नी आणि मुलाऐवजी भाऊ आणि पुतण्याला मिळकत देणारा तो संदेश न्यायालयाने मृत्युपत्र म्हणून मान्य केला, कारण तिथल्या कायद्यात उपचार बाजूला ठेवून इच्छा शोधण्याची मुभा आहे. न पाठवलेला संदेश म्हणजे पक्का झालेला निर्णय की अजून चाललेला विचार? पाठवण्याचं बटण न दाबणं हीही एक इच्छा असू शकते, आणि इथे एखादा साक्षीदार असता तर त्याने तेवढंच विचारलं असतं.

पुण्या-मुंबईत एकटे राहणारे आई-वडील आणि न्यू जर्सीतली मुलं, या मराठी घरांना हा सगळा वाद दूरचा नाही. मुलाने तिकडे बसून व्हिडिओवर घातलेली साक्ष आज इथे चालत नाही. उलट, तिकडे स्थायिक झालेल्याने युटाच्या कायद्याप्रमाणे पडद्यावर केलेलं मृत्युपत्र कोथरूडच्या सदनिकेला लावायला गेलं तर अडचण येणारच, कारण स्थावर जिथे असतं तिथला कायदा पाहायचा हे सर्वसाधारण तत्त्व आहे. गोव्यात तर वारस असतील तर अर्ध्या मिळकतीपलीकडे मृत्युपत्राने देताच येत नाही. ते विशेष नोटरीसमोर करण्याची रीतही तिथे पोर्तुगीज काळापासूनची. तिथे मुलाने बापाचा अंगठा कितीही दाबला तरी भावंडांचा हिस्सा बराचसा सुरक्षित राहतो. साक्षीदाराचं अर्धं काम तिथे कायद्यानेच उचललं आहे.

भारतभराचा विचार करताना एक विसंगती मात्र नजरेआड करता येत नाही. समजा, पुण्यातल्या एकाच इमारतीत दोन शेजारी वारले, एक मुस्लिम, एक हिंदू. दोघांनीही आदल्या रात्री फोनवर आपला आवाज रेकॉर्ड करून, बचतीतला तिसरा हिस्सा शेवटपर्यंत सेवा केलेल्या बाईंना द्यावा, असं सांगून ठेवलं. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात तोंडी वसीयत चालते, एक तृतीयांशाची मर्यादा पाळली गेली आहे, तेव्हा कोर्ट ते शब्द निदान ऐकून घेईल. पुरावा कसून तपासेल, नेमकं काय म्हटलं ते पाहील, कदाचित नाकारेलही. दुसऱ्या शेजाऱ्याचा आवाज तितकाच स्पष्ट असला तरी ६३ व्या कलमापुढे त्याची किंमत शून्य. हिंदूंच्या सगळ्या मृत्युपत्रांना लेखी मजकुराची आणि दोन साक्षीदारांची ही अट लागली ती १ जानेवारी १९२७ पासून. मुंबई शहरात ती १८७० पासूनच होती, पण पुणे मुफस्सलात, म्हणजे मुंबई शहराबाहेरच्या मुलुखात मोडत असे. त्या गृहस्थांच्या पणजोबांना १९२६ साली याच पुण्यात नुसतं तोंडी सांगून डोळे मिटता आले असते.